क्रिमंडची चाल नेमकी कोणाची? २३व्या स्तोत्राच्या एका चालीचं प्रकरण

गीतपुस्तक तयार करणाऱ्या संपादकाकडे प्रत्येक गीताच्या खाली जेमतेम एक ओळ असते. शब्द अमुक यांचे, चाल तमुक यांची, संपलं. बहुतेक गीतांना ती ओळ पुरते. पण बायबलमधल्या स्तोत्रसंहितेवर बेतलेली जी गीतं आहेत, त्यातली निम्मीअधिक या ओळीत नीट मावतच नाहीत असं माझं मत आहे आणि त्याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे इंग्रजीतलं २३वं स्तोत्र, जे जगभर 'क्रिमंड' नावाच्या चालीवर गातात. 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे' तेच. लग्नात गातात, अंत्यविधीला गातात, चर्चला वर्षातून एकदा जाणाऱ्या माणसालासुद्धा ती चाल येते. आणि ती चाल कोणी बांधली यावर स्कॉटलंडमध्ये शंभर वर्षांहून जास्त वाद चालू आहे.

काही पुस्तकांत खाली जेसी सीमोर अर्विन असं नाव असतं. काहींत डेव्हिड ग्रांट. काहींत दोघंही, म्हणजे चाल तिची आणि स्वरमेळ (चालीखाली बांधलेले बाकीचे आवाज) त्याचा. एकाच चालीखाली तीन प्रकारचे उल्लेख छापले जातात, आणि गंमत अशी की प्रत्येक पुस्तक ते इतक्या ठामपणे छापतं की वाचणाऱ्याला वाद आहे हेच कळत नाही.

आधी माणसं कोण ते बघू.

जेसी अर्विन, जन्म १८३६, मृत्यू १८८७. चर्च ऑफ स्कॉटलंडच्या पाळकाची, म्हणजे धर्मगुरूची, मुलगी. वडिलांच्या नेमणुका डनॉटर, पीटरहेड आणि क्रिमंड अशा, सगळं ईशान्य स्कॉटलंडच. क्रिमंड हे ॲबर्डीनशायरमधलं पीटरहेड आणि फ्रेझरबरा यांच्या मधलं छोटंसं गाव, जगाला माहीत आहे ते या चालीमुळे. (आणि थोडंसं तिथल्या चर्चच्या घड्याळामुळे, त्याच्या तबकडीवर कारागिराच्या चुकीने साठऐवजी एकसष्ट मिनिटांच्या खुणा आहेत. विषयाशी संबंध नाही पण सांगितल्याशिवाय राहवलं नाही.)

डेव्हिड ग्रांट, १८३३ ते १८९३. ॲबर्डीन शहरात तंबाखूचं दुकान. संगीत हौसेचं, पण हौस साधीसुधी नव्हती, चार आवाजांसाठी स्वरमेळ बांधता येणारा माणूस होता तो.

तिसरा विल्यम कार्नी. ॲबर्डीनचा पत्रकार, आणि त्या भागातलं चर्चमधलं गाणं सुधारावं म्हणून जन्मभर धडपडलेला माणूस. त्याने १८७२ मध्ये 'द नॉर्दर्न सॉल्टर' नावाचं चालींचं पुस्तक काढलं (सॉल्टर म्हणजे स्तोत्रांचं पुस्तक). या कामात त्याच्याबरोबर ग्रांट होता, पीटरहेडच्या चर्चमधला प्रिसेंटर रॉबर्ट कूपर होता आणि खुद्द क्रिमंडच्या चर्चमधला प्रिसेंटर विल्यम क्लब होता. प्रिसेंटर म्हणजे मंडळीपुढे उभं राहून गाणं उचलून देणारा. त्या काळी स्कॉटिश चर्चमध्ये वाद्य नसायचं, त्यामुळे सगळी मदार या एका माणसाच्या गळ्यावर. ही दोन प्रिसेंटरांची नावं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

तर १८७२ च्या त्या पुस्तकात 'क्रिमंड' ही चाल पहिल्यांदा छापली गेली, आणि तिच्यावर नाव होतं फक्त डेव्हिड ग्रांटचं. जेसीचा उल्लेख नाही. आणखी एक गोष्ट, तिथे ती २३व्या स्तोत्राला लावलेलीच नव्हती. डोन नावाच्या अमेरिकन बिशपचं 'तूच मार्ग' अशा अर्थाचं एक गीत आहे, योहानाच्या शुभवर्तमानातल्या 'मार्ग, सत्य, जीवन' या वचनावरचं, त्याच्यासोबत ती छापली होती. म्हणजे आज ज्या चालीशिवाय हे स्तोत्र कोणाला आठवत नाही ती जन्माला आली तेव्हा तिचा आणि मेंढपाळाचा काही संबंधच नव्हता.

हे कसं होऊ शकतं ते समजायला स्कॉटिश पद्धत माहीत हवी. १६५० मध्ये चर्च ऑफ स्कॉटलंडने दीडशे स्तोत्रांचं छंदोबद्ध पुस्तक अधिकृत केलं, त्यात नुसते शब्द होते, चाली नव्हत्या. बहुतेक स्तोत्रं एकाच मापाची, पहिल्या ओळीत आठ अक्षरं, दुसरीत सहा, परत आठ, परत सहा. याला कॉमन मीटर म्हणतात. त्यामुळे या मापाची कुठलीही चाल या मापाच्या कुठल्याही स्तोत्राला बसते. सुरुवातीला तर मोजक्या चालींवरच सगळं भागायचं, १६१५ च्या पुस्तकात अशा सामायिक चाली फक्त १२ होत्या. पुढे चालींची पुस्तकं निघाली तेव्हा स्कॉटलंडमध्ये पानं मधोमध आडवी कापलेली छापायची पद्धत आली, वरच्या अर्ध्या पानात चाल, खालच्या अर्ध्यात शब्द, दोन्ही वेगवेगळी उलटायची आणि हवी ती चाल हव्या त्या स्तोत्रासमोर आणायची. मला स्वतःला ही छपाईची युक्ती फार आवडते कारण तिच्यात अख्खा विचार दिसतो की चाल आणि शब्द यांचं लग्न लागलेलं नाही, दोघं सोयीनुसार एकत्र येतात.

अशा पद्धतीत चालीचा कर्ता कोण याची फारशी कोणाला पडलेली नसते. चालींना नावं असायची ती गावांची, शहरांची, परगण्यांची. डंडी, डनफर्मलिन, किलमार्नॉक, विल्टशर. माणसाचं नाव कोपऱ्यात बारीक अक्षरात, असलं तर.

आता वाद कधी सुरू झाला बघा. १८७२ ला चाल छापली. १८८७ ला जेसी गेली, १८९३ ला ग्रांट गेला, १९०८ ला कार्नी गेला. आणि १९११ मध्ये जेसीची बहीण ॲना हिने एका पत्रात लिहिलं की ही चाल माझ्या बहिणीची आहे. तिचं म्हणणं असं की जेसी तेव्हा ऑर्गन शिकत होती, त्या शिकण्याचा भाग म्हणून तिने ही चाल रचली, पण तिने स्वतः केलेला स्वरमेळ तिला पसंत पडेना म्हणून तिने ती ग्रांटकडे नीट करून द्यायला पाठवली. ग्रांटने स्वरमेळ केला आणि पुस्तकात नाव लागलं ते त्याचं एकट्याचं.

गोष्ट ऐकायला एकदम पटते. पटते म्हणूनच जरा थांबून तपासायला हवी.

पटण्यासारखं काय काय आहे ते आधी मान्य करू. चालीचं नाव क्रिमंड, आणि अर्विन कुटुंब क्रिमंडचं. ॲबर्डीनच्या दुकानदाराने आपल्या चालीला तीसेक मैलांवरच्या खेड्याचं नाव का द्यावं? दुसरं, ऑर्गनचा तपशील काळाशी जुळतो. स्कॉटिश चर्चमध्ये वाद्य आणणं हा १८६० च्या दशकातला मोठा तंटा होता, एडिनबराच्या ग्रेफ्रायर्स चर्चमध्ये रॉबर्ट ली या पाळकाने १८६३ ला हार्मोनियम आणि १८६५ ला ऑर्गन बसवला तेव्हा केवढी खळबळ झाली होती, आणि त्यानंतर हळूहळू दारं उघडत गेली. तेव्हा १८७० च्या आसपास पाळकाच्या घरातली मुलगी ऑर्गन शिकतेय हे अगदी शक्य आहे. तिसरं म्हणजे नवशिक्याला चाल सुचते आणि खालचे तीन आवाज जमत नाहीत, हे तर रोज घडतं. चाल सुचणं आणि ती चार आवाजांत उभी करणं ही दोन वेगळी कामं आहेत आणि दुसरं शिकावं लागतं.

एवढ्यावर १९२९ च्या स्कॉटिश सॉल्टरने जेसीचं नाव स्वीकारलं, आणि तिथून ते पुढच्या पुस्तकांत पसरलं. एकदा चर्चच्या अधिकृत पुस्तकात छापलं गेलं की बाकीचे संपादक परत तपासत बसत नाहीत, उतरवून घेतात, हे सगळ्या भाषांतल्या गीतपुस्तकांचं दुखणं आहे.

आता दुसरी बाजू.

पहिला प्रश्न, जेसी १८८७ पर्यंत जिवंत होती. पुस्तक छापलं गेल्यावर पंधरा वर्षं. हे पुस्तक कुठे लांब लंडनला निघालं नव्हतं, तिच्याच भागात निघालं, तिच्याच भागातल्या चर्चसाठी, आणि ते काढणाऱ्यांत तिच्या वडिलांच्या चर्चचा प्रिसेंटर होता. तो विल्यम क्लब होता, आणि पीटरहेडचा कूपर होता, म्हणजे जिथे तिचे वडील आधी पाळक होते तिथलाच. चाल पाळकाच्या मुलीची आहे हे खरं असतं तर या दोघांना कळलं नसतं? आणि कळलं असेल तर त्यांनी आपल्या पाळकाच्या घरच्या चालीवर परक्याचं नाव कसं काय लागू दिलं? पुढच्या आवृत्तीत एक ओळ बदलायला काय लागतं. माझ्या मते ग्रांटच्या बाजूची ही सगळ्यात भक्कम गोष्ट आहे, छापील नावापेक्षाही, कारण छापील नाव चुकू शकतं पण ती चूक दुरुस्त करू शकणारी इतकी माणसं आजूबाजूला असताना ती तशीच राहणं अवघड.

दुसरं, वेळ. ॲनाचं पत्र आलं तेव्हा पुस्तकाला ३९ वर्षं झाली होती आणि जेसी, ग्रांट, कार्नी, तिघेही गेलेले. कोणी उलट विचारायला नाही. मी असं म्हणत नाहीये की ॲना खोटं बोलली. कुटुंबातली आठवण अशीच असते, त्यात खोटेपणा लागत नाही. समजा जेसीने खरंच एक चाल रचली, ग्रांटकडे पाठवली, त्याने त्यातलं काही घेऊन, काही टाकून नवीन बांधली आणि तिच्या गावाचं नाव दिलं. चाळीस वर्षांनी घरात काय उरेल? 'ती चाल आपल्या जेसीची.' बस.

तिसरं, नावाचा मुद्दा. वर सांगितलं तसं चालींना गावांची नावं देणं ही सरसकट पद्धत होती. विल्टशर नावाची चाल रचणारा विल्टशरचाच असायला हवा असं कोणी म्हणत नाही. आणि उत्तरेकडच्या चर्चसाठी उत्तरेकडच्या माणसांनी काढलेल्या पुस्तकात, ज्याच्या कामात क्रिमंडचा प्रिसेंटर आहे, एखाद्या चालीला क्रिमंड नाव मिळणं यात नवल काय? नाव जेसीच्या बाजूने जितकं वजन टाकतं असं वाटतं तितकं ते टाकत नाही.

१९८८ मध्ये रॉनल्ड जॉन्सन या अभ्यासकाने ब्रिटनच्या हिम सोसायटीच्या (चर्चमधल्या गीतांचा अभ्यास करणाऱ्या संस्थेच्या) पत्रिकेत हे सगळं प्रकरण परत उकरलं आणि त्याचा कल ग्रांटकडे गेला. त्यानंतरच्या काही पुस्तकांनी ग्रांटचं नाव परत आणलं, काहींनी नाही आणलं. त्यामुळे आजचा घोळ.

इथे एक तुलना उपयोगी पडते, आणि तीही स्कॉटलंडचीच. 'मार्टर्डम' नावाची एक कॉमन मीटरची चाल आहे, इंग्रजीत ४२व्या स्तोत्राला, हरिणीच्या तहानेच्या त्या स्तोत्राला, ती बरेचदा लावतात. एअरशायरमधल्या फेनिक गावच्या ह्यू विल्सनने ती रचली, धंद्याने चांभार. तो १८२४ ला वारला आणि लगेच १८२५ मध्ये आर. ए. स्मिथ या नावाजलेल्या संगीतकाराने ती आपल्या पुस्तकात 'जुनी स्कॉटिश चाल' म्हणून छापली. तिथे मालकीवरून भांडण कायद्यापर्यंत गेलं आणि निकाल विल्सनच्या बाजूने लागला. फरक काय तर विल्सनला ओळखणारी, त्याच्याबरोबर गायलेली माणसं हयात असताना प्रश्न विचारला गेला. क्रिमंडच्या बाबतीत प्रश्न विचारायला कोणी उठलं तोवर साक्षीदारच संपले होते.

मग हा प्रश्न एवढा पेटला का? कारण १९३० पर्यंत क्रिमंड ही प्रादेशिक चाल होती, ठीकठाक माहीत असलेली. २३वं स्तोत्र लोक इतर चालींवरही गायचे, विल्टशर होती, मार्टर्डम होती, 'इव्हान' होती. (इव्हानचीही तीच कथा, हॅवरगल नावाच्या इंग्रज पाळकाच्या एका गाण्याची सुरावट घेऊन अमेरिकेतल्या लोवेल मेसनने ती कॉमन मीटरमध्ये बसवली, आता कर्ता कोण म्हणायचं.) मग ह्यू रॉबर्टनच्या ग्लासगो ऑर्फियस क्वायरने क्रिमंड उचलली. त्या काळातला हा फार लोकप्रिय गायकवृंद, रेडिओवर, रेकॉर्डवर सगळीकडे. क्रिमंड आणि २३वं स्तोत्र ही जोडी घराघरात गेली ती प्रामुख्याने त्यांच्यामुळे. त्यात डब्ल्यू. बेअर्ड रॉस याने केलेला डेस्कंट, म्हणजे मूळ चालीच्या वरून तरंगत जाणारी जादा सुरावट, तोही लोकांना आवडला.

आणि मग २० नोव्हेंबर १९४७. राजकन्या एलिझाबेथचं लग्न, वेस्टमिन्स्टर ॲबी. क्रिमंड हवीच, आणि तो डेस्कंटही हवा असा नवरीकडून आग्रह. अडचण अशी की डेस्कंट छापील स्वरूपात लंडनमध्ये कोणाकडे मिळेना. शेवटी राजकन्येच्या दिमतीला असलेल्या लेडी मार्गारेट एजर्टन यांना तो पाठ होता, त्यांनी गाऊन दाखवला आणि ॲबीचे ऑर्गनवादक विल्यम मॅकी यांनी ऐकून उतरवून घेतला. विचार करा, अख्खं साम्राज्य रेडिओला कान लावून बसणार होतं त्या गाण्याचा एक भाग लग्नाच्या तोंडावर तोंडी परंपरेने गोळा केला गेला. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये त्याच ॲबीत राणीच्या अंत्यविधीलाही हेच स्तोत्र याच चालीवर गायलं गेलं.

लग्नानंतर चाल जगभर गेली आणि त्याबरोबर वादही. चाळीसच्या दशकातली वर्तमानपत्रातली पत्रं आणि त्यातला आवेश समजण्यासारखा आहे, राजघराण्याच्या लग्नात वाजलेली चाल आपल्या गावची, आपल्या पाळकाच्या मुलीची, हे कोणाला नको असतं. काही चर्चसंगीतवाल्यांनी मात्र नाकं मुरडली ती आजतागायत मुरडतायत, चाल फार गोड आहे, तीन मात्रांत हिंदकळते, स्तोत्राच्या गांभीर्याला शोभत नाही वगैरे. मला ती तक्रार थोडी पटते आणि थोडी नाही. पहिल्या दोन सुरांतच ती वर झेप घेते आणि साध्या माणसाला ती झेप घेता येते, हे सोपं काम नाही, चालींच्या पुस्तकात शेकडो चाली अशा पडून आहेत ज्या गंभीर आहेत आणि कोणी गात नाही.

आता या प्रकरणात एक गोष्ट हल्ली हमखास येते ती म्हणजे बाईचं श्रेय पुरुषाने लाटलं ही बाजू. ती झटकून टाकण्यासारखी नाही. त्या काळात बायकांनी लिहिलेलं निनावी किंवा आद्याक्षरांवर छापलं जायचं हे खरंच आहे. पण ते सगळीकडे सारखं नव्हतं. ज्या वर्षी जेसी जन्मली त्याच वर्षी, १८३६ ला, फ्रान्सिस रिडली हॅवरगल जन्मली, तीही पाळकाची मुलगी (वर इव्हानच्या संदर्भात आलेले हॅवरगल तेच तिचे वडील), आणि ती गीतंही लिहायची, चालीही करायची, स्वतःच्या नावाने. म्हणजे पाळकाच्या मुलीचं नाव चालीवर छापणं अशक्य होतं असं नाही. सर्वसाधारण अन्यायावरून एका विशिष्ट माणसाला चोर ठरवता येत नाही, त्यासाठी त्या प्रकरणातला पुरावा लागतो.

आणि कोणी फारसं बोलत नाही ती बाजू सांगतो. ग्रांट तंबाखू विकणारा माणूस. एका बाजूला पाळकाचं घराणं, ज्याच्या शब्दाला चर्चमध्ये वजन, दुसऱ्या बाजूला दुकानदार, ज्याच्याकडे दाखवायला फक्त एका जुन्या पुस्तकातलं छापील नाव. १९२९ च्या संपादकांनी बहिणीच्या पत्रावर ते नाव खोडलं. अर्विनबाईंवर अन्याय झाला असेल तर तो १८७२ ला झाला, पण तो झाला नसेल तर १९२९ ला ग्रांटवर झाला, आणि त्याची हळहळ फारशी कोणी केलेली दिसत नाही. मेलेल्या माणसाचं नाव काढायला निदान ते लावायला लागतो तेवढा तरी पुरावा लागावा.

यात पैशाचा प्रश्न अजिबात नाही हेही लक्षात घ्या. ब्रिटिश कायद्यात हक्क मृत्यूनंतर ७० वर्षं चालतात. जेसी आणि ग्रांट दोघांचे कधीच संपले, बेअर्ड रॉस १९५० ला गेला म्हणजे डेस्कंटही आता मोकळा. चाल कोणीही गावी, छापावी. उरलाय तो फक्त श्रेयाचा प्रश्न, त्यामुळे खरं तर संपादकाला घाई करायचं काही कारणच नाही, शंका आहे तर शंका छापता येते.

चालीवर एवढं भांडण, पण शब्दांच्या श्रेयाकडे कोणाचं लक्ष नसतं आणि तिथे तर जास्तच गोंधळ आहे. पुष्कळ पुस्तकांत शब्दांच्या खाली फ्रान्सिस रौस असं छापलेलं सापडतं. रौस (१५७९ ते १६५९) इंग्लंडचा प्युरिटन (कडव्या प्रोटेस्टंट पंथाचा) राजकारणी, ईटन या शाळेचा प्रोव्होस्ट म्हणजे प्रमुख, १६५३ च्या संसदेचा सभापती. त्याने दीडशे स्तोत्रं पद्यात केली होती. लंडनच्या वेस्टमिन्स्टर असेंब्ली या धर्मसभेने ती घेतली आणि बदलली. मग ती स्कॉटलंडला गेली, तिथल्या चर्चच्या सर्वोच्च सभेने, जनरल असेंब्लीने, कमिट्या नेमल्या, कमिट्यांनी प्रत्येक ओळ मूळ हिब्रूशी जुळते का ते बघत परत बदलली, ग्लासगोच्या झॅकरी बॉइडच्या आणि रोवॅलनच्या सर विल्यम म्युरच्या पद्यांतून घेतलं, १५६४ च्या जुन्या पुस्तकातूनही घेतलं, आणि १६५० ला जे निघालं त्यात रौसच्या स्वतःच्या ओळी थोड्याच उरल्या. रौसने ते पुस्तक उघडलं असतं तर आपलं काय आणि लोकांचं काय हे त्यालाही शोधावं लागलं असतं. हे काम कमिटीचं आहे आणि कमिटीने केलेली कविता सहसा वाचवत नाही, तरी हे स्तोत्र पावणेचारशे वर्षं टिकलंय, याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही.

याच स्तोत्रावर सर हेन्री बेकरने १८६८ मध्ये लिहिलेलं गीत बघा, प्रेमाचा राजा माझा मेंढपाळ अशा अर्थाचं, त्याला डाइक्स या संगीतकाराची चाल. शब्द बेकर, चाल डाइक्स, कुठेही वाद नाही. ज्या गीतपुस्तकात ते आलं त्याचा संपादक बेकर स्वतःच होता, कोणाचं काय हे नोंदवायची शिस्त होती, लंडनचे प्रकाशक होते. ॲबर्डीनच्या चार हौशी लोकांकडे ती यंत्रणा नव्हती. माझ्या मते क्रिमंडचा घोळ हा चोरीचा कमी आणि नोंदीच्या सवयीचा जास्त आहे. १८७२ च्या पुस्तकात एका चालीला एकच नाव लावायची रीत, आणि सुरावट कोणाची, स्वरमेळ कोणाचा, हे वेगळं लिहायची गरज तेव्हा वाटलीच नसणार. चार हातांतून गेलेली चाल शेवटच्या हाताच्या नावाने छापली गेली असं झालं असेल, किंवा पहिल्यापासून शेवटपर्यंत ग्रांटचीच असेल. पहिली शक्यता खरी असली तरी तिच्यामुळे ग्रांटचं नाव जात नाही, फक्त त्याच्या शेजारी दुसरं येतं.

मग संपादकाने काय छापावं? १९२९ सारखं नुसतं अर्विन छापू नये, त्याला आधार फार कमी आहे. नुसतं ग्रांट छापणं पुराव्याला धरून आहे, पण वाचकाने दुसऱ्या पुस्तकात अर्विन वाचलेलं असतं, तो गोंधळेल आणि एकाला चूक समजेल. 'चाल अर्विन, स्वरमेळ ग्रांट' हा जो मधला मार्ग अनेकांनी घेतलाय तो दिसायला समंजस, पण तोच मला सगळ्यात खटकतो, कारण तो मधला नाहीच, ती ॲनाची बाजू जशीच्या तशी आहे. दोघांची नावं आली म्हणून दोघांना न्याय मिळाला असं वाटतं एवढंच.

मी असतो तर असं छापलं असतं. शब्द: स्कॉटिश सॉल्टर, १६५०. चाल क्रिमंड: द नॉर्दर्न सॉल्टर, १८७२, तिथे डेव्हिड ग्रांट यांच्या नावावर, जेसी सीमोर अर्विन यांची असल्याचंही १९११ पासून सांगितलं जातं. डेस्कंट घेतला असेल तर बेअर्ड रॉसचं नाव वेगळं, त्याच्याबद्दल वाद नाही आणि नेमकं तेच पुस्तकांतून गळतं. एका ओळीत हे बसत नाही, दोन-तीन ओळी लागतात, मग अक्षर बारीक करावं लागेल. आणि उद्या कुठल्या पेटाऱ्यात १८७२ च्या आधीची तारीख असलेला, जेसीच्या हातचा कागद सापडला, तर मधलं वाक्य उलटं फिरवायचं, त्याला फार तर एक दुपार लागेल.